चिकित्सक अध्यापनशास्त्र आणि सामाजिक न्याय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषद शाळांमधले शिक्षक, डी.एल.एड. आणि बी.एड.चे विद्यार्थी आणि काही पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चिकित्सक अध्यापनशास्त्र म्हणजे काय? परीक्षेत लिहायची व्याख्या नको, समजून घ्यायचं आहे.

शाळेत काय शिकवायचं, कोणाच्या भाषेत, कोणाच्या घरातली उदाहरणं घेऊन, आणि काय गाळायचं, हे कोणीतरी ठरवत असतं. ते ठरवण्यात जात, वर्ग, लिंगभाव, वंश, भाषा यांची सत्ता काम करते. चिकित्सक अध्यापनशास्त्र ही सत्ता झाकून ठेवत नाही, तिलाच अभ्यासाचा विषय करतं. शिकणाऱ्याचं रोजचं जगणं वर्गात येतं, त्यावर प्रश्न उभे राहतात, त्या प्रश्नांसाठी वाचणं, लिहिणं, हिशेब, इतिहास, विज्ञान लागतं आणि ते सगळं शिकून पुन्हा त्या जगण्याकडे पाहायचं असतं, शक्य तिथे ते बदलायचं असतं.

यातला 'वाचणं, लिहिणं, हिशेब' हा भाग बरेच जण विसरतात. ज्या वर्गात चर्चा जोरात होते पण सहावीतल्या मुलीला परिच्छेद वाचता येत नाही, त्या वर्गाला मी चिकित्सक म्हणणार नाही. त्या मुलीवर अन्यायच झालेला असतो, फक्त तो नव्या पद्धतीने झालेला असतो.

२. पाउलो फ्रेरे कोण होता? प्रत्येक पुस्तकात त्याचंच नाव का येतं?

फ्रेरेचा जन्म १९२१ साली ईशान्य ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात झाला. घर मध्यमवर्गीय होतं, पण १९२९नंतरच्या जागतिक मंदीत ते कोसळलं आणि तो तेरा वर्षांचा असताना वडील गेले. भुकेल्या पोटी अभ्यास डोक्यात शिरत नाही, हे त्याने त्या वयात स्वतः अनुभवलं होतं. पुढे तो कायदा शिकला, पोर्तुगीज शिकवू लागला आणि मग कामगारांच्या शिक्षणाकडे वळला.

त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षर माणसाला मतदानाचा हक्क नव्हता आणि तो १९८५पर्यंत मिळाला नाही. म्हणजे उसाच्या आणि कापसाच्या शेतात राबणाऱ्या लाखो लोकांचं अक्षर न येणं जमीनदारांच्या सोयीचं होतं. फ्रेरेच्या साक्षरता वर्गांना इतका विरोध का झाला, ते यावरून कळतं. १९६४च्या एप्रिलमध्ये लष्कराने सत्ता घेतली, त्याची राष्ट्रीय साक्षरता योजना बंद झाली आणि त्याला सुमारे ७० दिवस तुरुंगात ठेवण्यात आलं. त्यानंतर बोलिव्हिया, चिली, अमेरिका, जिनिव्हा असा जवळजवळ सोळा वर्षांचा वनवास. 'पेडॅगॉजी ऑफ द ऑप्रेस्ड' हे पुस्तक त्याने चिलीत १९६८च्या सुमाराला लिहून पूर्ण केलं. ते १९७०मध्ये इंग्रजीत आलं आणि खुद्द ब्राझीलमध्ये छापून यायला १९७४ उजाडलं. परतल्यावर १९८९ ते १९९१ या काळात तो साओ पाउलो शहराचा शिक्षण सचिव होता. १९९७ साली तो वारला. २०१२मध्ये ब्राझीलने कायदा करून त्याला देशाच्या शिक्षणाचा प्रेरणापुरुष घोषित केलं.

तो एकटा नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत हेन्री जिरू, पीटर मॅक्लॅरेन यांनी हा विचार शालेय आणि विद्यापीठीय शिक्षणात नेला, बेल हुक्स या लेखिकेने त्याला स्त्रीवादी आणि कृष्णवर्णीय अनुभवाची जोड दिली (प्रश्न १० पाहा). आपल्याकडच्या परंपरेसाठी प्रश्न ५ पाहा.

३. '४० तासांत साक्षरता' हे खरं आहे का? नेमकं काय केलं होतं?

१९६३च्या सुरुवातीला ईशान्य ब्राझीलमधल्या अँजिकोस नावाच्या छोट्या गावात फ्रेरेच्या पद्धतीने सुमारे ३०० प्रौढांना ४० तासांच्या वर्गांत वाचायला-लिहायला शिकवलं गेलं. शेवटच्या वर्गाला राष्ट्राध्यक्ष जोआंव गुलार्त स्वतः आले होते. शिकवणारे जवळच्या नाताल शहरातले विद्यापीठाचे विद्यार्थी होते.

पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आधी कार्यकर्ते वस्तीत जाऊन लोकांचं बोलणं ऐकत. कोणते शब्द वारंवार येतात, कोणत्या शब्दांवर लोकांचा आवाज चढतो, हे टिपून घेत. त्यातून पंधरा-वीस शब्द निवडत. शब्द निवडताना दोन कसोट्या असत: तो लोकांच्या जगण्यातला हवा आणि सगळे शब्द मिळून भाषेतले बहुतेक ध्वनी यायला हवेत. मग त्या शब्दाशी जोडलेलं चित्र भिंतीवर दाखवलं जाई आणि त्यावर बोलणं सुरू होई.

फ्रेरेच्या लिखाणातलं प्रसिद्ध उदाहरण 'तिजोलो', म्हणजे वीट. चित्रात बांधकामावरचे मजूर. विटा कोण भाजतं, घर कोण बांधतं, त्या घरात कोण राहतं, बांधणारा स्वतः कुठे राहतो? हे बोलून झालं की शब्द फोडायचा: ति-जो-लो. प्रत्येक तुकड्याचं कुटुंब फळ्यावर येई: ता-ते-ति-तो-तु, जा-जे-जि-जो-जु, ला-ले-लि-लो-लु. मग शिकणारे त्यातून स्वतः शब्द जुळवत. 'लोजा' म्हणजे दुकान. 'लुता' म्हणजे लढा. पहिल्याच संध्याकाळी माणूस स्वतः बनवलेला शब्द वाचू लागतो, तेव्हा 'मला डोकं नाही' हे त्याच्या मनात वर्षानुवर्षं घट्ट झालेलं वाक्य हलतं.

आपली बाराखडी या कामाला फार सोयीची आहे. 'विहीर', 'मजुरी', 'रेशन' असे शब्द घेऊन कोणीही प्रौढवर्गात हे करून पाहू शकतं.

४० तासांचा आकडा मात्र जपून वापरा. त्या तासांत लोक वाचायला सुरुवात करण्याइतके शिकले. वर्तमानपत्र सफाईने वाचायला पुढे सराव लागतोच. शिवाय पोर्तुगीजमध्ये अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बऱ्यापैकी आहे आणि प्रौढांची इच्छा जबर होती. हाच आकडा पहिलीच्या वर्गाला लावू नका.

४. फ्रेरे ज्याला 'बँकिंग' शिक्षण म्हणतो ते म्हणजे घोकंपट्टी का? आणि ज्ञानरचनावाद तर आम्ही करतोच, मग हे वेगळं काय?

बँकेत पैसे भरावेत तसं शिक्षक माहिती भरतो आणि मूल ती साठवतं, असं शिक्षण म्हणजे 'बँकिंग'. घोकंपट्टी हे त्याचं एक लक्षण. पाढे पाठ करण्याला फ्रेरेचा विरोध होता असं समजू नका. त्याचा आक्षेप वेगळ्या गोष्टीला आहे: वर्गात जाणणारा एकटा शिक्षक आणि बाकी सगळे अजाण, असं नातं रोज गिरवलं की मूल पुढे सावकार, अधिकारी, पुढारी यांच्यासमोरही तसंच गप्प बसतं.

ज्ञानरचनावादाशी नातं आहे, पण दोन्ही एक नाहीत. ज्ञानरचनावाद सांगतो की मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं. चिकित्सक अध्यापनशास्त्र पुढचं विचारतं: हा अनुभव असा का आहे? जमिनीवर आखलेल्या रंगीत चौकटींत गटाने बसून मुलं बाजाराचा हिशेब करतात, तो रचनावाद. त्याच हिशेबात 'भाजी विकणाऱ्या मावशींना किलोमागे किती उरतात आणि अडत्याला किती?' हा प्रश्न आला की चिकित्सा सुरू झाली. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ने दोन्हींचा उल्लेख केला आहे, पण आपल्या प्रशिक्षणांमध्ये पहिल्याचं साहित्य झालं आणि दुसऱ्याचं बहुतेक ठिकाणी नावच राहिलं.

५. हे सगळं जोतीराव फुल्यांनी शंभर वर्षं आधीच केलं होतं ना? मग ब्राझीलकडे का बघायचं?

फुल्यांना 'भारताचे फ्रेरे' म्हणणं मला पटत नाही. कालक्रमाने पाहिलं तर ते उलटं आहे आणि दोघांच्या समाजांचे प्रश्नही वेगळे होते. ब्राझीलमध्ये जमीनदारी आणि गुलामगिरीचा वारसा. इथे त्याच्या जोडीला जात, आणि जातीने शतकानुशतकं विद्येवरच घातलेली बंदी.

पण गाभा जुळतो, आणि तो जुळतो याचा मोठा पुरावा एका मुलीचा निबंध आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही सुमारे चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी. १८५५ साली तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असं ती विचारते. पेशवाईत आपल्या लोकांना काय भोगावं लागलं ते सांगते. बाळंतपणात आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे लिहिते. तीन वर्षं शिकलेल्या मुलीच्या हातून हे लिहून होतं, याचा अर्थ त्या शाळेत तिला लेखनाबरोबरच तिच्या स्वतःच्या वस्तीकडे पाहण्याची मोकळीक मिळाली होती. तो निबंध आज वर्गात वाचून दाखवावा. आठवीच्या पुढच्या मुलांना तो सहज झेपतो.

१८८२च्या हंटर आयोगापुढे (इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे) फुल्यांनी दिलेलं निवेदनही याच दृष्टीने वाचा. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हा त्यांचा हिशेब होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून घ्या, अभ्यासक्रमात शेतीचं ज्ञान ठेवा, या त्यांच्या मागण्या. कोणाच्या पैशावर कोण शिकतं, कोण शिकवतं आणि काय शिकवलं जातं: तिन्ही प्रश्न एकाच निवेदनात आहेत.

मग ब्राझील का? कारण फ्रेरेने वर्गात करायची पद्धत पायरीपायरीने लिहून ठेवली (प्रश्न ३). विचार आपल्याकडे आहे, पद्धतीची टिपणं तिकडे आहेत. दोन्ही घ्यावं.

६. वर्गात राजकारण आणणं नाही का हे? शिक्षकाने तटस्थ राहायला नको?

पक्षाचं राजकारण वर्गात आणू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोणाला मत द्यावं, कोणता नेता थोर, हे शिक्षकाच्या तोंडून येता कामा नये.

पण सत्तेचे प्रश्न वर्गात आधीच हजर असतात. शाळेच्या मैदानात झाडू मारायला मुलींनाच सांगितलं जातं. खिचडी वाढताना कोणाला आधी, कोणाला शेवटी हे ठरलेलं असतं. भटक्या जमातीतल्या मुलाचं दप्तर हरवलेल्या वस्तूसाठी सगळ्यात आधी तपासलं जातं. या प्रत्येक वेळी गप्प राहणारा शिक्षक तटस्थ नसतो, जे चाललं आहे त्याच्या बाजूचा असतो.

शिक्षकाने स्वतःचं मत सांगावं का? विचारलं तर सांगावं, 'हे माझं मत आहे' असं म्हणून आणि त्याची कारणं देऊन. आणि ते सगळ्यांत शेवटी. शिक्षकाचं मत आधी आलं की निम्मा वर्ग तेच लिहितो. विरुद्ध मत मांडणाऱ्या मुलाचा एक गुण जरी त्यापायी कापला गेला, तर ते पुन्हा बँकेत भरणंच झालं, फक्त नाणं बदललं. पुरोगामी शिक्षकांनी हे स्वतःला विचारत राहायला हवं, कारण हा दोष आपल्या बाजूला फार आढळतो.

७. अभ्यासक्रम संपता संपत नाही. ४२ मुलं, दोन वर्ग एकत्र. हे कधी करायचं? गणितात कसं करायचं?

वेगळा तास नको. जे प्रकरण चालू आहे तेच वेगळ्या सामग्रीवर घ्यायचं. एक उदाहरण सविस्तर देतो, कारण 'सामाजिक न्याय आणि गणित' म्हटलं की लोकांना ओढूनताणून केलेलं वाटतं.

बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या जातात. तिकडच्या मुलांना 'उचल', 'मुकादम', 'कोयता', 'खाडा' हे शब्द पाठ असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. सातवीच्या वर्गात एक काल्पनिक कुटुंब घ्या. समजा उचल ८४,००० रुपये घेतली. तोडणीचा दर टनाला ३५० रुपये धरू आणि दोघं मिळून दिवसाला २ टन ऊस तोडतात. दिवसाचे ७०० रुपये. उचल फिटायला किती दिवस? १२०, म्हणजे चार महिने. आता सहा खाडे झाले आणि प्रत्येकाचे ७०० रुपये कापले, तर देणं ८८,२०० होतं आणि फेड सहा दिवसांनी लांबते. खाड्यात गेलेले सहा दिवस वेगळेच. ताप आलेला एक आठवडा हिशेबात काय करतो ते मुलांना आकड्यांत दिसतं.

इथवर गुणाकार, भागाकार, समीकरण झालं. आता पुढचे प्रश्न. दिवसाचे ७०० दोन माणसांचे, मग एकाचे किती? कामाचे तास पहाटेपासून मोजले तर तासाला किती पडतात? त्या वर्षीचं सरकारी किमान वेतन शोधा आणि तुलना करा. दोघांची मजुरी एकाच नावावर का लिहिली जाते? स्वयंपाक, पाणी, लेकरू सांभाळणं यांचे तास या हिशेबात कुठे आहेत? याच वर्गात बहुधा मुकादमाचा मुलगाही बसलेला असतो, त्यामुळे कारखाना, मुकादम, टोळी अशी पूर्ण साखळी फळ्यावर काढा. मुकादमाचं कमिशन आणि टोळी पळाली तर त्याच्यावर येणारं कर्जही त्यात येऊ द्या. खलनायक शोधणं हा पाठाचा हेतू नाही, व्यवस्था कशी चालते ते कळणं हा आहे.

एक पथ्य कटाक्षाने पाळा. 'तुझ्या वडिलांनी किती उचल घेतली?' असं कोणत्याही मुलाला विचारू नका. कर्ज ही घराची लाज मानली जाते. काल्पनिक कुटुंब घेतलं की मुलं स्वतःहून, हवं तेवढंच बोलतात.

असा एखादा पाठ महिन्यातून एकदा जमला तरी पुरे.

८. घरची बोली वर्गात येऊ द्यायची की प्रमाण मराठी शिकवायची?

दोन्ही. यावर वाद घालण्यात फार वर्षं गेली आहेत.

पावरी, गोंडी, कोरकू बोलणारं मूल पहिलीत येतं आणि त्याला बाई काय म्हणतात तेच कळत नाही. ते गप्प बसतं, आणि शेऱ्यात 'मंद' लिहिलं जातं. त्याची भाषा वर्गात हवी: गाणी, गोष्टी, फळ्यावरचे शब्द, शक्य तिथे शिकवणंही. ती चुकीची मराठी नव्हे, वेगळी भाषा आहे. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडचं वाक्य हसून 'सुधारणं' हाही तसाच प्रकार.

पण त्याच मुलाला पुढे अर्ज, करारपत्र, न्यायालयाचा कागद, स्पर्धा परीक्षेची प्रश्नपत्रिका प्रमाण भाषेतच मिळणार आहे. अमेरिकेतल्या लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८८ साली हेच ठणकावून सांगितलं: सत्तेच्या भाषेचे आणि रीतींचे नियम ज्यांच्या घरात असतात त्यांची मुलं ते आपोआप शिकतात, बाकीच्यांना ते शाळेने उघडपणे शिकवले नाहीत तर मोकळेपणाच्या नावाखाली दार बंदच राहतं. मोठ्या मुलांना सरळ सांगावं की ही भाषा श्रेष्ठ म्हणून शिकवत नाही, कचेरीत हीच चालते म्हणून शिकवतो.

९. अशा शिक्षणाने खरंच काही बदललं, याची उदाहरणं आहेत का?

तीन देतो.

पहिलं आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर जिल्ह्यातलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरता मोहीम चालू होती. वाचनपाठांत बायकांच्या जगण्यातल्या गोष्टी होत्या, नवऱ्याच्या दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या सीतम्माची गोष्ट त्यातलीच. दुबगुंटा गावातल्या बायकांनी ती वाचली, त्यावर बोलल्या आणि गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं. लोण जिल्हाभर, मग राज्यभर पसरलं, दारूचे लिलाव रोखले गेले. १९९३मध्ये राज्याने 'अरक' ही स्वस्त देशी दारू बंद केली आणि १९९५मध्ये पूर्ण दारूबंदी आली. ती १९९७मध्ये सैल झाली, हेही सांगायला हवं. वाचायला शिकणं आणि कृती करणं यांत किती थोडं अंतर असू शकतं, ते इथे दिसलं.

दुसरं अमेरिकेच्या दक्षिणेतलं. तिथे कृष्णवर्णीयांना मतदार होण्यासाठी वाचनाची परीक्षा द्यावी लागे आणि ती त्यांना नापास करण्यासाठीच घेतली जाई. १९५७मध्ये साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर सेप्टिमा क्लार्क आणि हायलँडर या प्रौढशिक्षण केंद्राने नागरिकत्व शाळा सुरू केली. पहिली शिक्षिका बर्निस रॉबिन्सन व्यवसायाने केशरचनाकार होती, मुद्दामच व्यावसायिक शिक्षक नेमला नव्हता. तिने लोकांना विचारलं, काय शिकायचंय? नाव लिहायचं, मनिऑर्डरचा फॉर्म भरायचा, मतदानाचा कायदा वाचायचा. तोच अभ्यासक्रम झाला. अशा शाळा पुढे सगळ्या दक्षिणेत पसरल्या.

तिसरं ॲरिझोनातल्या टूसॉन शहरातलं. तिथल्या सरकारी शाळांमध्ये मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचे वर्ग होते, फ्रेरेच्या विचारावर आधारलेले. २०१०मध्ये राज्याने त्याविरुद्ध कायदा केला आणि २०१२च्या जानेवारीत वर्ग बंद झाले. जी पुस्तकं वर्गांतून काढून नेली त्यांत फ्रेरेचंही होतं. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की या वर्गांत शिकलेल्या मुलांची राज्याच्या परीक्षा उत्तीर्ण होण्याची आणि शालान्त शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त होती. २०१७मध्ये संघीय न्यायालयाने ती बंदी वांशिक आकसातून आल्याचा निकाल दिला. 'अशा वर्गांनी अभ्यास मागे पडतो' म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

१०. या विचारावर टीका काय आहे?

बरीच आहे, आणि काही अगदी योग्य आहे. फ्रेरेच्या सुरुवातीच्या लिखाणात 'माणूस' म्हणजे पुरुषच. बेल हुक्सने हे स्पष्ट बोलून दाखवलं आणि तरी त्याच्याकडून आपण किती घेतलं हेही तितक्याच मोकळेपणाने लिहिलं. बायकांची पत्रं आल्यावर फ्रेरेने पुढे भाषा बदलली.

एलिझाबेथ एल्सवर्थ या प्राध्यापिकेचा १९८९चा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. विस्कॉन्सिनमध्ये वंशवादविरोधी अभ्यासवर्ग घेताना तिला दिसलं की 'चला, मोकळा संवाद करू' म्हटल्याने वर्ग मोकळा होत नाही. कोणाला बोलण्याची किंमत मोजावी लागते, कोणाला नाही. ज्या मुलावर अन्याय झाला त्यालाच उभं करून सगळ्यांना समजावून सांगायला लावणं, हा दुसरा अन्याय. आपल्याकडे १४ एप्रिल जवळ आला की वर्गातल्या एकाच मुलाकडे भाषणासाठी नजर वळते, ते आठवा.

आणखी एक टीका: हे सगळे लेखक भाषा फार जड करून ठेवतात. खरं आहे. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना वाचता येत नसेल तर तो लिहिणाऱ्याचा दोष.

११. आमची शाळा खासगी इंग्रजी माध्यमाची, मुलं सुस्थितीतली. इथे याचं काय काम?

इथे जास्तच काम आहे, कारण उद्या निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांवर यातली बरीच मुलं बसतील. सोसायटीत घरकामाला येणाऱ्या मावशींसाठी वेगळी लिफ्ट का? शाळेची बस चालवणाऱ्या काकांना पगारी सुटी असते का? शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर आलेल्या वर्गमित्राला सहलीचे पैसे भरता आले नाहीत तर शाळेने काय करायला हवं? (त्या मुलाकडे बोट न दाखवता, प्रश्न ७ मधलं पथ्य इथेही.)

गरिबांची कीव करायला शिकवू नका. वृद्धाश्रमात फळं वाटून आल्यावर लिहिलेल्या निबंधात बहुधा 'आपण किती भाग्यवान' एवढंच येतं. माझ्या सोयीची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न मुलांसमोर ठेवा.

१२. चर्चेत एखाद्या मुलाने जातीवरून अपमानास्पद बोललं, किंवा आरक्षणावरून वर्ग पेटला तर?

दोन गोष्टी वेगळ्या करा. अपमान तिथल्या तिथे थांबवायचा, स्वर न चढवता पण निःसंदिग्धपणे. त्यावर 'दोन्ही बाजू ऐकू' म्हणायचं नाही. ज्याला लागलं त्या मुलाशी नंतर स्वतंत्र बोलायचं आणि बोलणाऱ्याशीही. ते वाक्य तो बहुतेक वेळा घरून आणतो.

आरक्षणाबद्दलचं मत हा मात्र मताचा प्रश्न आहे आणि त्याला अभ्यासाने उत्तर द्यावं लागतं. 'पुढच्या आठवड्यात यावर बोलू, तोवर प्रत्येकाने एक गोष्ट शोधून आणायची' असं म्हणून चर्चा पुढे ढकला. संविधानातली कलमं १५ आणि १६ वाचा. प्रश्न ५ मधला मुक्ताचा निबंध वाचा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीचं २०१९चं आरक्षणही चर्चेत घ्या. शेवटी सगळ्यांचं एकमत व्हायलाच हवं असं नाही. आपल्या म्हणण्याला पुरावा द्यायची सवय लागली, तर तास सार्थकी लागला.

१३. मोकळं बोलू दिल्यावर एखाद्या मुलीने घरातला अत्याचार सांगितला तर?

इथे अध्यापनशास्त्र बाजूला ठेवा, कायदा पाहा. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर पॉक्सो कायदा २०१२च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ या बालमदत क्रमांकावरून मदत मिळते. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन मुलीला देऊ नका. 'तू सांगितलंस हे बरं केलंस, तुझी चूक नाही, आता मदत करणाऱ्या मोठ्या माणसांना सांगावं लागेल' असं म्हणा. वर्गासमोर सांगायला सुरुवात केली असेल तर हळुवारपणे थांबवून तिला बाजूला घ्या, आणि पुन्हा पुन्हा तपशील विचारू नका.

१४. पहिली-दुसरीच्या मुलांशी हे शक्य आहे का?

हो. 'हे योग्य झालं का?' हा प्रश्न सहा वर्षांच्या मुलाला उत्तम कळतो. वर्गाचे नियम मुलांसोबत बनवा, पुस्तकातल्या चित्रांत स्वयंपाक कोण करतं ते मोजायला सांगा. एवढं पुष्कळ आहे.

१५. शाळेत आम्हा शिक्षकांनाच कोणी विचारत नाही. सर्वेक्षणं, माहितीचे तक्ते, ॲपवरची हजेरी यातच दिवस जातो. मुलांना प्रश्न विचारायला कसं शिकवू?

तक्रार खरी आहे, आणि ज्याला वरून फक्त आदेश येतात त्याच्या तोंडून खाली आदेशच जातात. म्हणून एकट्याने सुरू करू नका. आपल्या केंद्रातल्या शाळांमध्ये दोन-तीन समविचारी शिक्षक शोधा, एकमेकांचे पाठ पाहा, फसलेल्या पाठाबद्दलही बोला.

आणि एक सत्ता तुमच्या शाळेत कायद्यानेच दिलेली आहे, ती वापरा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश पालक हवेत, वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा हव्यात आणि निम्म्या सदस्य महिला हव्यात. बऱ्याच ठिकाणी वही घरोघर फिरवून अंगठे आणि सह्या घेतल्या जातात आणि बैठक झाल्याचं लिहिलं जातं. ती बैठक खरोखर घ्या. मजुरी बुडणार नाही अशी, संध्याकाळची वेळ ठेवा. बायका मागे बसल्या असतील तर गोल करून बसा. शाळेला आलेला निधी आणि झालेला खर्च फळ्यावर लिहा, इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवा आणि मग सही मागा. एखादी आई म्हणाली, 'हा खर्च कशाचा?', तर पावती दाखवा.